दोन डबे, एक कुकर

तुरीच्या डाळीचा शास्त्राशी काही संबंध नाही असं मी मानत होते, तोवर आमच्या नांदेडच्या घरात शांतता होती.

सासूबाई दरवर्षी मुखेडच्या शेतातली डाळ पोतं भरून आणायच्या, आणि ती माझ्या कुकरात काही केल्या शिजायची नाही. "आमच्या लातूरची डाळ कशी लोण्यासारखी शिजते!" असं मी एकदा म्हणाले. (एकदाच. पण तेवढं पुरलं.)

"मुखेडलाबी शिजती की! माझी डाळ नको तर मीबी नको. उद्याच्या एसटीनं चालले!" म्हणत त्यांनी पिशवी भरायला घेतली.

मी हादरले. मी नोकरीला, घर त्यांच्या जिवावर. त्या गेल्या असत्या तर फ्रीजवर चिकटवलेल्या माझ्या सगळ्या याद्या कोलमडल्या असत्या!

नेमके त्याच दिवशी माझे बाबा लातूरहून आलेले, तिकडची डाळ घेऊन. बाबा विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "भांडता कशाला? प्रयोग करा. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. आणि कुठली डाळ कुणाची, हे चाखणाऱ्याला सांगायचं नाही."

असं नीटनेटकं काही ऐकलं की मला हुरूप येतो. दोन सारखे डबे, डाळ मोजून सारखी, पाणी सारखं, कुकर एकच. मुखेडच्या डब्याला लाल दोरा, लातूरच्याला पांढरा. चाखायला आमचे हे. मोबाइलमधून डोकं वर न काढता जेवतात. इतका निःपक्षपाती माणूस जिल्ह्यात सापडणार नाही! डाळ भिजत घातली आणि मी अंघोळीला गेले. (इथे चुकलं.)

कुकर उघडला तर दोन्ही डब्यांत पिवळा फेस! डाळ कुठे दिसेचना.

"सांगा, कुठली जास्त शिजली?"

ह्यांनी दोन्ही चाखून पाहिल्या. "डाळ कशातच नाही. साबण दोन्हीत आहे."

वर्षानुवर्षं गोट्यांसारखी राहणारी डाळ अशी विरघळली कशी? मग खाण्याच्या सोड्याचा डबा दिसला. सकाळी गच्च भरलेला, आता तळाला.

"सासूबाई, तुम्ही स्वतःच्या डाळीत सोडा टाकलात?"

"माझ्या न्हाई! गुरुजींच्या डाळीत टाकला. पाव्हणा ताटावर अन् त्याच्याच गावची डाळ कच्ची? माझ्या घरात बरं दिसंल का?"

बाबा खाकरले. "मी विहीणबाईंच्या डाळीत टाकला. लेकीच्या घरी येऊन तिच्या सासूची डाळ हरवायची म्हणजे..."

"बाबा! तुम्ही विज्ञान शिकवायचात ना?"

"शाळेत, बेटा. व्याह्यांकडे नव्हे."

हे मोबाइलकडे बघतच म्हणाले, "मी दोन्हीत टाकला. रुसायचं तर कुणीच रुसू नये."

मी सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं, कडी लावली आणि प्रयोग पुन्हा केला. बिनसोड्याचा. या वेळी दोन्ही डाळी दगड!

"बघा, लातूरचीबी गोट्याच!" सासूबाईंना इतका आनंद झाला की पिशवीतल्या दोन साड्या बाहेर आल्या.

"पण ही आमच्या घरी शिजते हो," बाबा गोंधळले.

"आमचीबी मुखेडला शिजती की!"

मग बाबांनी वर्गात विचारायचे त्या आवाजात विचारलं, "डब्यांत पाणी कुठलं घातलंस?"

"बोअरचं!" मी अभिमानानं फ्रीजवरच्या यादीकडे बोट दाखवलं. नळाचं पाणी फक्त पिण्याला, बाकी सगळ्याला बोअरचं जड पाणी. नियम माझाच, लग्न होऊन आल्यापासूनचा.

सासूबाई उठल्या. तिसऱ्यांदा दोन्ही डबे त्यांनी माठातल्या नळाच्या पाण्यानं भरले. कुकर उघडला, तर दोन्ही डाळी लोणी!

"दोन्ही डाळी चांगल्याच हायत म्हणायच्या," पिशवी रिकामी करत सासूबाई म्हणाल्या. "मंग इतकी वर्सं घरात बिघडलेलं व्हतं तरी काय?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. (हेसुद्धा! मोबाइल खाली ठेवून!)

बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी एक डाळ सोडून बाकी सगळं अगदी जसंच्या तसं ठेवलं होतं. त्या 'सगळ्या'त मीही होते.