स्वच्छ केलेला नकाशा

एकट्याने केलेला गाढवपणा विसरता येतो. पण शेजारी दोन माणसं असली की त्याचा किस्सा होतो, आणि किस्सा कुणी फेकून देत नाही! पेणच्या आमच्या तीन खुर्च्यांच्या ऑफिसात ते एवढे साठलेत की चहाबरोबर बिस्किट नसलं तरी चालतं. वाईट एवढंच, की सगळ्या किश्श्यांतला गाढव मीच.

काम तसं साधं. खाडीकाठच्या वाड्यांचा नकाशा करायचा. नळाला पाणी येतं त्या वाडीवर निळा ठिपका, येत नाही त्या वाडीवर लाल. लाल ठिपका असेल तिथे उन्हाळ्यात टँकर जाणार. मूळ नकाशा इंटरनेटवर फुकट मिळतो, लोकांनीच भरलेला. तो ‘आर’ नावाच्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा, तेही फुकटच. आणि मी त्यातला एक्स्पर्ट. म्हणजे इंटरव्ह्यूत मी तसं ठोकून दिलं होतं!

घरी, रोह्याला, वडिलांनी विचारलं, “कसलं सॉफ्टवेअर?”

“आर.”

“हां, पुढं बोल.”

“पुढं काय नाय. एवढंच नाव हाय.”

पोरगा नोकरीच्या नावाखाली फसला, असं त्यांना वाटलं असावं.

*

पहिल्याच दिवशी मी पेण तालुक्याऐवजी अख्खा भारत डाउनलोडला लावला. दुपारी नेट गेलं, चारच्या सुमारास कॉम्प्युटरने मान टाकली. शेजारच्या खुर्चीतला साजिद तेव्हा दुबईच्या भावाशी व्हिडिओ कॉलवर होता. भाऊ तोंड उघडं ठेवून तसाच थिजला.

साजिदने फोन खाली ठेवला आणि तिसऱ्या खुर्चीतल्या आमच्या बॉस मॅडमना म्हणाला, “पावशेर कोलंबी आणायला पाठवलेला, हा बंदरच उचलून घेऊन आला!”

*

मग अक्षांश-रेखांशांची गंमत. कुठला आकडा आधी लिहायचा यात माझी उलटापालट झाली, आणि वाड्या उमटल्या थेट नॉर्वेच्या वर, बर्फाळ समुद्रात!

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. “गणपती बनवतात ते हमरापूर कुठाय?”

मी समुद्रावर बोट ठेवलं.

“अहो, मूर्तींचे डोळे रंगवायचेत अजून,” मॅडम म्हणाल्या, “आणि तुम्ही विसर्जन करून मोकळे?”

*

साजिद खांबचा. हायवेवरचं खांब, कोलाडजवळचं. त्याच्या गावाचं तर मी वाटोळंच केलं.

कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनी फुकटच्या नकाशात विजेचे खांब भरले होते, आणि प्रत्येकाचं नाव इमानेइतबारे ‘खांब’ असं लिहिलं होतं. साजिदचं गावही नकाशात दिसावं म्हणून मी ‘आर’ला सांगितलं, खांब शोध. पेणपासून रोह्यापर्यंत रस्त्याच्या कडेने खांब गाव ओळीने उभं राहिलं!

मला काही वावगं वाटलं नाही. प्रिंट काढली, मॅडमच्या टेबलावर ठेवली. साजिदने ती उचलून उजेडात धरली.

“आयला, आमचा गाव एवढा वाढला, नि घरच्यांनी कळवला पण नाय!”

*

पुढचा किस्सा साजिद सांगतो तेव्हा मी चहाचे कप विसळायला उठतो.

नकाशातला ‘पाणी’ म्हणून जो काही भाग होता, तो सगळा मी निळा करून टाकला. त्यात खाडी आली आणि मिठागरंही आली. मग बांधाकडच्या एका वाडीत जाऊन, लॅपटॉप उघडून, मी लोकांना ऐकवलं की कागदावर तुमच्या दारापासून पाणी शंभर पावलांवर आहे!

नामाकाका म्हणून मिठागरात काम करणारे एक म्हातारे उठले, बाहेर गेले आणि तांब्या भरून घेऊन आले.

“घ्या सायेब. तुमच्या नकाशातला पानी हाय. आधी तुमी प्या!”

सगळे हसले, मीही हसलो. नामाकाका मात्र तांब्या पुढे धरून तसेच उभे होते. शेवटी मी तो हातात घेतला आणि कुठे ठेवावा ते मला कळेना. आठवलं की आजही कान तापतात.

*

आणि मग ती मीटिंग.

वाड्यावाड्यांतून भरून घ्यायच्या फॉर्ममध्ये प्रश्न एकच होता: नळाला पाणी येतं का? टायपिंग वाचावं म्हणून उत्तरं मीच ठरवली होती, इंग्रजी अक्षरांत. HO म्हणजे हो, NA म्हणजे ना. दोन-दोन अक्षरं, सुटसुटीत! फॉर्म गोळा झाले, ‘आर’मध्ये चढवले, अर्धवट भरलेल्या ओळी गाळायची आज्ञा दिली. नकाशा उमटला. सगळे ठिपके निळे!

आदल्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं, “लाल एकही नाही?”

मी छाती फुगवून म्हणालो, “डेटा स्वच्छ केलाय मॅडम.”

मीटिंगला टँकर मंजूर करणारे साहेब खूश. “वा! म्हणजे यंदा टँकर कुठेच नको.” त्यांनी सही करायला कागद पुढे ओढला.

वाड्यांतून काही बायका आल्या होत्या. त्यांतल्या बेबीताई उठून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेल्या. खाडीच्या कडेने बोट फिरवत राहिल्या. शेजारणीला म्हणाल्या, “आपली वाडी दिसं ना गो.” मग माझ्याकडे वळल्या. “आमची वाडी कुठं हाय रं?”

“असेल ना ताई, थांबा,” म्हणून मी मूळ फॉर्मांची यादी उघडली. वाडी होती. नाव बरोबर, जागा बरोबर. पुढे उत्तर, NA. त्याखालच्या वाडीचं उत्तर NA. त्याखालीही NA.

‘आर’च्या भाषेत NA म्हणजे माहिती नाही, रिकामी जागा. हे मला पहिल्या धड्यापासून पाठ होतं! साहेबांचं पेन थांबलं होतं, मॅडम माझ्याकडे बघत होत्या, साजिदने मान खाली घातली होती. खोटं बोलायचं म्हटलं तरी सुचलं नसतं.

“ताई, चूक माझी,” मी म्हणालो. “ज्यांनी ज्यांनी ‘ना’ सांगितलं, त्यांची नावं कॉम्प्युटरने गाळली. मीच गाळायला सांगितली होती.”

बेबीताईंनी नकाशावरचं बोट काढलं नाही.

“आमी ‘पानी नाय’ बोललो,” त्या म्हणाल्या, “म्हनून तुमी आमालाच नाय केलं, व्हय?”