दोरीवरचे कपडे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही अक्काला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी भोरला गणिताचा मास्तर होतो. नात्यात कुणी गाळा घेतला, खोल्या बांधायला काढल्या, की आकडे तपासायला माझ्याकडे यायचे. मी चष्मा पुसत सांगायचो— भाडं वर्षभराचं धरू नका, खोली मधे रिकामी राहते, मोटार जळते, उन्हाळ्यात टँकर लागतो. आणि निवृत्त झाल्यावर कामथडीत स्वतः फंडाच्या पैशातून सहा खोल्या बांधल्या, तेव्हा काय केलं? बारा महिने धरले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जवळच्या कारखान्यानं माणसं कमी केली आणि चार खोल्यांना कुलूप लागलं. मास्तरांचंच गणित चुकलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? विचारेल त्याला म्हणायचो, सगळ्या भरल्यात.

सुमनअक्का माझी मामेबहीण. हिर्डोशीला एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. गुडघे गेले, भातलावणीला चिखलात उभं राहवेना. तेव्हा खाचरं विकून भाड्याच्या खोल्या घ्याव्यात, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको, असं तिनं ठरवलं. सल्ला विचारायला माझ्याकडेच आली— आणि मी माझ्याच खोल्या पुढे केल्या.

बारा महिन्यांचा हिशोब कागदावर मांडून दिला. तिनं कागद बाजूला सारला.

"कागद राहू दे तुजा. म्या दोरी बघून ठरवीन."

घरात बिऱ्हाड आहे की नाही ते वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतं, हा तिचा हिशोब. माझ्यापेक्षा खरा. इथं तरी थांबता आलं असतं. थांबलो का?

ती यायची होती त्या सकाळी मी— सांगतो, जरा थांबा— घरून पिशवी भरून नेली. माझ्या पँटी, मुलाचे शर्ट, बायकोच्या जुन्या साड्या. बादलीत बुडवले, पिळले आणि कुलूपबंद खोल्यांपुढे वाळत घातले. नातवाची झबलीसुद्धा. ती कशाला नेली? खोटं भरल्यासारखं दिसावं म्हणून. दुसरं काही नाही.

अक्का एसटीतून उतरून लंगडत आली. सगळे कामावर गेलेत, म्हणालो. ती झबल्यापाशी थांबली, ओलं कापड बोटांनी चाचपलं आणि हसली.

"ल्हान पोर हाय. असली बिऱ्हाडं लवकर हलत न्हाईत."

"व्हय अक्का," मी म्हणालो.

खरेदीखत झालं. महिन्याभरानं मीच तिला कळवलं की त्या चार खोल्यांतली बिऱ्हाडं गावाला गेली, ती परत आलीच नाहीत. पुढे उरलेली दोन खरी बिऱ्हाडंही गेली. तिची खाचरं पुण्याच्या कुणीतरी घेतली, भोवती तारेचं कुंपण घातलं. आता त्या सहांतल्याच एका खोलीत ती राहते आणि हायवेच्या ढाब्यावर भांडी घासते. मला माझी किळस येते. पण खोल्या मी परत घेतल्या नाहीत, पैसेही दिले नाहीत.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो होतो.

"तू माज्या भल्यासाठीच केलंस रं," ती म्हणाली. "माजाच पायगुण वंगाळ. भरलेली घरं म्या आल्यावर रिकामी झाली."

तिनं चहा केला, मला आवडतो म्हणून गूळ जास्त घालून. मी तो सगळा प्यालो.