तिसरा चर, सातवा अंजन

कुणीतरी लपवलेला डबा फोनवरच्या बाणामागे जाऊन शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथेच ठेवायचा, हा माझा रविवारचा छंद. असाच एक डबा धुळ्याजवळच्या वनउद्यानात होता. उद्यान नावालाच. फाटक मोडलेलं, घसरगुंडीवर वेल चढलेले. बाण मला तासभर पाणी मुरवायला खणलेल्या चरांवरून, घाणेरीच्या झुडपांतून गोल गोल फिरवत होता.

"काय धुंडी राह्यनात, भाऊ?"

हातात कोयता, अंगात विटलेला खाकी शर्ट. वनमजुरीतून निवृत्त झालेले हे आबा अजूनही रोज इथे येऊन वाळक्या फांद्या छाटत. मी डब्याचं सांगितलं.

"तिसरा चर, सातवा अंजन," ते म्हणाले आणि एकही झाड न मोजता सरळ त्याच अंजनाच्या झाडापाशी जाऊन थांबले. ढोलीत डबा होता.

मी ओशाळून म्हणालो, "झाडी फार दाट आहे, आबा. पानांनी आभाळ झाकलंय, म्हणून फोन चुकतोय."

ते थबकले. "परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी कोयता खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि वर पाहिलं.

"मी कामले लागनू तवय आठे उघडा माळ व्हता. ह्या बठ्ठा झाडं मी लायेल शेतस." सगळी झाडं त्यांच्या हातची होती. मग हळूच विचारलं, "मंग आते वरथून माळ दिखस नही ना?"

"नाही दिसत, आबा."

वहीत त्या दिवशी मी सही केली नाही. लिहिलं, 'इथे फोनला आभाळ दिसत नाही. आबांना विचारा.'