सुपाची निळी झाक

माझी भाची रेवा परदेशात प्राचीन ग्रीक शिकवते. सुट्टीत आली तेव्हा ओट्याशी उभी राहून तिने मला मोबाइलवर एका तपकिरी, कुरतडलेल्या चिटोऱ्याचा फोटो दाखवला. दीड हजार वर्षांपूर्वीची कविता! कुणा पुस्तक बांधणाऱ्याने तिची पानं खळीने एकमेकांना चिकटवून पुठ्ठा केला होता. मेल्याचा हात तरी कसा धजला?

"कवीचं नाव शेवटच्या ओळीत असेल ना, आपल्या अभंगासारखं?" मी विचारलं.

"नाही गं मावशी, त्यांच्यात तशी रीत नाही. पण गावांच्या नावांचा एक जुना कोश आहे. त्यात एका खेड्याचा दाखला म्हणून एका कवीची एकच ओळ दिलीय, त्याच्या नावासकट. तीच ओळ या चिटोऱ्यात निघाली!"

एका ओळीवर माणूस परत आला. मी हसणार, तोच नजर भिंतीवरच्या सुपाकडे गेली. माझी आत्या गेली त्या उन्हाळ्यात तिच्या कवितांच्या चार वह्या मीच पाण्यात भिजत घातल्या होत्या. त्यात वाटलेली मेथी घालून लगदा केला आणि फटी बुजवायला सुपाला लिंपला. शाईने सूप निळसर झालं, तेही शेजारणींना कौतुकाने दाखवलं.

रेवाला हे सांगितलं, तेव्हा तिने हळूच विचारलं, "काय लिहायची गं ती?"

मी सांगायला तोंड उघडलं. एकही ओळ आठवेना.