सुनंदाची नाडी

व्यायामशास्त्र शिकते म्हटलं, की लोक विचारतात, "म्हणजे पीटीच ना?" पहिल्या वर्षी मी चिडायचे. आता चिडत नाही, सरळ एक किस्सा सांगते. तीन वर्षांत धक्केच इतके बसलेत, की एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतोच!

यातले बरेचसे माझी रूममेट सुनंदा हिच्यामुळे. मार्कंड्याजवळच्या ढिवराची, म्हणजे मासेमाराची पोर, वैनगंगेच्या रेतीत धावत वाढलेली. तिच्या बोलीत बायाही 'आलो-गेलो'च म्हणतात. शेवटच्या वर्षी तिला विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघात जायचं होतं. घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, संघात आलीस तर पुढे शीक, नाही तर सामान बांधून घरी ये. त्यामुळे ती धावायची आणि जीव माझा टांगणीला लागायचा.

*

एकदा प्रदर्शनासाठी कॉलेजचा प्लास्टिकचा सांगाडा एसटीने गोंडपिपरीला न्यायचा होता. गर्दी होती, म्हणून सुनंदाने त्याला खिडकीशी बसवलं आणि अंगावर चादर टाकली. वाटेत खड्डा आला आणि चादर घसरली. कंडक्टर ओरडला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

शेजारची म्हातारी मात्र जागची हलली नाही. तिने सांगाड्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुनंदाला झापलं, "काऊन वं, याले जेवाले नाई देत का?"

*

माझे अब्बा बल्लारपूरला वेल्डिंग करतात. पहिल्या वर्षी मी आनंदाने फोन केला, "अब्बा, आज साठ किलोची डेड उचलली!"

पलीकडे मशीन बंद पडल्याचा आवाज आला.

"रुबिना बेटा," अब्बांनी हळूच विचारलं, "मय्यत किसकी थी?"

डेडलिफ्ट म्हणजे वजन उचलायचा व्यायाम, हे समजवायला मला अर्धा तास लागला. अम्मीला ते अजून पटलेलं नाही!

*

प्रयोगशाळेत ट्रेडमिल आली. माणसाला पूर्ण थकेपर्यंत पळवायचं आणि दमश्वास मोजायचा. सर म्हणाले, "थकलीस की हात वर कर."

सुनंदा पळतेय, पळतेय. सरांनी वेग वाढवला, चढ वाढवला. आम्ही हिचा हात वर कधी जातो म्हणून बघतोय, आणि हिचे हात आपले खालीच. शेवटी मशीनमधून जळका वास आला आणि पट्टा थांबला. सर डोक्याला हात लावून बसले.

"अगं, थकली नव्हतीस तर निदान बोलायचं तरी!"

"तसं नाई सर," सुनंदा म्हणाली, "मी पोहोचाची वाट पाहून राह्यलो होतो."

*

निवड तीन आठवड्यांवर आली असताना हिचा घरी पाय मुरगळला. मला रडूच फुटलं. मुरगळल्यावर करायच्या चार गोष्टी आम्ही पाठ करतो. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय वर. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो राईस. घाईघाईत मी तिच्या आईला फोन केला, "मावशी, लगेच पायाला राईस करा, मी उद्या पट्टी घेऊन येते."

गेले तर काय! पायाला फडक्यात बांधलेला गरम भाताचा गोळा. ताज्या सुजेवर शेक म्हणजे आमच्यात पाप! सूज दुप्पट झाली होती. मी किंचाळलेच.

मावशी घाबरल्या. "तू सांगतलं तसंच केलं ना बाई. रातभर भात बांधला. आता वरन कवा लावाचं?"

त्या भातासमोर मी कपाळावर हात मारून घेतला. पाय कसाबसा वेळेत बरा झाला.

*

निवड झाली! आता फक्त फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. संघाची गाडी चार वाजता सुटणार होती. दुपारी तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरांनी सुनंदाची नाडी धरली. बेचाळीस! त्यांनी पुन्हा मोजली, तरी बेचाळीस. त्यांचाच चेहरा पांढरा पडला.

"चक्कर येते?"

"नाई."

"मग काय होतंय?"

"भूक लागली."

त्यांनी सही केली नाही. 'ईसीजी तातडीने काढावा, पेशंटला चालू देऊ नये' अशी चिठ्ठी लिहिली आणि अँब्युलन्स बोलावली.

नाक्याजवळ सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची ही मोठी रांग! सव्वातीन वाजले. अँब्युलन्स जागची हलेना. मी पुढे जाऊन ड्रायव्हरला वाट काढा म्हणून कळवळून सांगितलं आणि मागे आले, तर स्ट्रेचर रिकामं! खाली फक्त चपला. चिठ्ठीही गायब.

मी बोंब ठोकली आणि धावत सुटले. दवाखान्यात पोचले तेव्हा माझी अवस्था बघून वॉर्डबॉयने माझ्यासाठीच व्हीलचेअर आणली!

आत सुनंदा अनवाणी उभी होती. ईसीजी निघाला होता. तिथल्या डॉक्टर मॅडम कागद बघत म्हणाल्या, "उत्तम. धावणाऱ्यांचं हृदय असंच सावकाश चालतं." त्यांनी पेन उघडलं, माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. पेन थांबलं.

"चालू देऊ नये, असं लिहिलंय. तू चालत तर नाही ना आलीस?"

सुनंदा कावरीबावरी झाली. खोटं तिला बोलताच येत नाही.

"नाई मॅडम," ती म्हणाली, "धावत आलो."