नातेवाईक किंवा सोयरा

परवा जुन्या फायलीत पगारी सुट्टीचा कागद सापडला. कारणापुढे ‘कोर्टात साक्ष’ लिहिलेलं. दोन हजार चारच्या हिवाळ्यात, जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या सरकारी विद्यापीठात मी नुकताच लागलो असताना, माझ्यासमोर एका मोटारीनं सायकलवाल्याला उडवलं होतं. “कोर्टाचं बोलावणं आहे, पगार कापत नाहीत,” ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. आठवडाभर मी आरशासमोर जर्मन वाक्यं घोकली. ओल्या कोटांचा वास कोंडलेल्या कोर्टाच्या खोलीत न्यायाधीशबाईंनी आधी रीतसर विचारलं, “आरोपी तुमचा नातेवाईक किंवा सोयरा आहे का?” हा प्रश्न मी घोकला नव्हता. म्हणालो, “नाही. इथं माझं कुणीच नाही.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “‘नाही’ एवढं पुरे,” त्या हळूच म्हणाल्या. इथं तुमचं कुणी आहे का, असं आजही कोणी विचारतं, तेव्हा मी तेवढंच म्हणतो.