बिनविरोध मखमल

मखमल सर कुणाच्याही घरी गेले की चहाआधी सोफ्याच्या कापडावरून बोटांची मागची बाजू फिरवत. "लव बरी आहे," म्हणत. लग्नात शालूंवरूनही तेच. बायका संशयाने बघू लागल्या की मी सांगायची, "घाबरू नका, ते फिजिक्सचे आहेत."

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात मी त्यांची ज्युनिअर. तळमजल्यावर त्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारं यंत्र उभं केलं होतं. हवा काढलेल्या नळीत कॅथोडला क्षणभर मोठा व्होल्टेज दिला की त्यातून इलेक्ट्रॉन उसळतात. कॅथोड मखमलीचा चांगला की ग्राफाइटचा, एवढंच सरांना ठरवायचं होतं. मखमलीतून इलेक्ट्रॉन चटकन सुटतात, पण ती लवकर झिजते. ग्राफाइट टिकतं, पण त्याला व्होल्टेज जास्त लागतो. हे सगळं इतरांनी लिहिलेलं. सर म्हणत, "दोघांना एकाच पंगतीत बसवल्याशिवाय तुलना नाही. बाकी नुसत्या गप्पा."

एकदा मखमलीऐवजी त्यांनी धाकट्या भावाच्या मागावरचा टॉवेल कापून लावला. दिवसभर पंप चालवला, नळीतली हवा काही निघेना. भाऊ डबा घेऊन आला. उरलेला तुकडा चोळून म्हणाला, "अन्ना, खळ धुतलीच न्हाय की! लोकास्नी सांगू नगंस कुणाच्या घरचा हायस ते." सुताला लावलेल्या खळीतला ओलावा नळीत सुटत राहिला होता. सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

मखमलीची मोजमापं संपली आणि पंप बंद पडला. नवा मिळाला नाही. निवृत्तीपर्यंत सर रोज तो उघडत, पुसत, पुन्हा बंद करत. निरोपाची शाल खांद्यावर घेऊन ते थेट त्या खोलीत आले.

"ग्राफाइटचं तू करशील?"

"पंपाशिवाय कसं करू, सर?"

"तेही खरंच."

तिथे आता कॉम्प्युटर आहेत. यंत्र भंगारात गेलं, हे दवाखान्यात त्यांना मीच सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, खोटं कशाला बोलू? पंख्याकडे बघत ते म्हणाले,

"म्हणजे मखमल बिनविरोध निवडून आली म्हणायची."

अंगावर भावाने आणलेली नवीकोरी चादर होती. बोटं तिच्यावर नुसती पडून होती.

त्याच आठवड्यात सर गेले. कॅथोडसाठी आणलेली ग्राफाइटची चकती माझ्या कपाटात आहे. तिच्यावर अजून एक ठिणगी पडलेली नाही.